एकाच चाकाला चॉक होता: आमच्या टायगर मॉथचा जमिनीवरचा अपघात

गवतपट्टी

रविवारी सकाळी आमच्या टायगर मॉथला अपघात झाला. कुणाला मोठी इजा झालेली नाही, हे आधीच सांगतो. विमान उडालं नव्हतं, धावपट्टीपर्यंतही पोचलं नव्हतं. हँगरच्या दारापासून वीस-पंचवीस पावलांवर, इंजिन सुरू करतानाच मोडलं. चार रात्री झाल्या, डोळा लागला की तो आवाज ऐकू येतो. इथे विमानांची आवड असलेली बरीच मंडळी आहेत म्हणून सविस्तर लिहितोय.

मी सिडनीच्या पश्चिम भागात राहतो. सुट्टीच्या दिवशी दोन तास गाडी चालवून एका गवताच्या मैदानावर जातो. तिथे चौघांनी मिळून एक टायगर मॉथ सांभाळलंय. मी त्या चौघांतला नाही. विमान बाहेर काढणं, पुसणं, पेट्रोल भरणं, कापडाच्या कामात हात लावणं ही माझी कामं, आणि त्याच्या बदल्यात अधूनमधून पुढच्या सीटवर बसून एक फेरी मिळते.

ज्यांना हे विमान माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. डी हॅविलँड कंपनीचं टायगर मॉथ पहिल्यांदा उडालं २६ ऑक्टोबर १९३१ ला. एकावर एक दोन पंख, पंखांचा सांगाडा लाकडाचा, धडाचा पोलादी नळ्यांचा, त्यावर ताणून बसवलेलं कापड. पुढे १३० अश्वशक्तीचं जिप्सी मेजर इंजिन. रिकाम्या विमानाचं वजन जेमतेम पाचशे किलो. दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिक यावरच उडायला शिकले, आपल्या हवाई दलातलेसुद्धा. स्टार्टर नाही, आणि मूळ विमानाला ब्रेकही नाहीत. शेपटाखाली चाकाऐवजी एक लोखंडी पाय असतो, तो गवतात रुतून जेवढं अडवेल तेवढंच. म्हणजे इंजिन सुरू करायचं तर कुणीतरी समोर उभं राहून हाताने प्रॉपेलर फिरवायचा, आणि सुरू झाल्यावर विमान जागेवर राहावं म्हणून दोन्ही चाकांपुढे चॉक, म्हणजे लाकडी ठोकळे, लावायचे.

त्या दिवशी आम्ही दोघंच होतो. कॉकपिटमध्ये जे बसतात ते रस्त्यात अडकले होते, दहा मिनिटांत पोचतो म्हणून फोन आला होता. हवा सुरेख होती. आमचे ज्येष्ठ, सत्तरी ओलांडलेले, हजारो तास उडालेले, म्हणाले, ते येईपर्यंत इंजिन गरम करून ठेवू. त्यांनी डाव्या चाकाला चॉक लावला. दुसरा चॉक पेट्रोलच्या ट्रेलरच्या चाकाखाली होता, कारण ट्रेलर उतारावर उभा होता. मी उजव्या पंखाच्या टोकाशी, दोन पंखांमधली बाहेरची दांडी धरून उभा होतो. उजवं चाक मोकळं आहे हे मला तिथून स्वच्छ दिसत होतं.

मी काही बोललो नाही.

इंजिन दोन-तीनदा फिरवून लागेना. पेट्रोल जास्त झालं असावं. त्यांनी स्विच बंद केले, वाकून थ्रॉटल, म्हणजे इंजिनचा जोर कमी-जास्त करणारा दांडा, पूर्ण उघडला आणि आतलं पेट्रोल बाहेर पडावं म्हणून प्रॉपेलर उलटा फिरवला, आठ-दहा वेळा. ही नेहमीची रीत आहे. मग स्विच पुन्हा चालू केले. टायगर मॉथचे मॅग्नेटोचे, म्हणजे इंजिनला ठिणगी देणाऱ्या यंत्राचे, स्विच कॉकपिटच्या बाहेरच्या अंगाला असतात, समोरच्या माणसाला दिसावेत म्हणून. वर म्हणजे चालू. घरातल्या दिव्याच्या बटणाच्या बरोबर उलट. स्विच त्यांनी आठवणीने वर केले, थ्रॉटल मात्र मागे घ्यायचा राहिला.

पहिल्याच झटक्याला इंजिन लागलं, आणि लागलं ते गर्जना करतच. ते बाजूला गवतात लोळले, नशीब. डावं चाक अडलेलं, उजवं मोकळं, त्यामुळे विमान डावीकडे गर्रकन वळलं. माझ्या हातातली दांडी मला ओढत पुढे घेऊन गेली. पाचशे किलो दोन हातांनी धरता येतात असं मला आजवर वाटायचं. पाव वळसा झाला, खालचा उजवा पंख ट्रेलरच्या कोपऱ्यावर बसला, मी पडलो, मग डावं चाक चॉकवरून उडी मारून गेलं आणि विमान सरळ कुंपणाच्या खांबावर. लाकडी प्रॉपेलर फुटला, इंजिन थांबलं.

एकदम शांतता. ते गवतातूनच ओरडले, "स्विच!" मी धावत जाऊन दोन्ही खाली केले. त्यानंतर पाहिलं तर प्रॉपेलरची करंगळीएवढी फाक वरच्या पंखाच्या कापडात सरळ उभी घुसलेली होती, शिंप्याने सुई टोचून ठेवावी तशी. खालच्या पंखाचं कापड कोपऱ्यात फाटून लोंबत होतं आणि आतल्या फासळ्यांवर कुणीतरी ऐंशी वर्षांपूर्वीच्या पद्धतीने हाताने मारलेल्या मेणाच्या दोऱ्याच्या गाठी दिसत होत्या. त्या गाठी बघून मला रडू आलं.

मी रोज बँक्सटाउन विमानतळावरून ऑफिसला जातो. तिथे ३० ऑगस्ट १९५५ ला, मंगळवार होता, एक ऑस्टर विमान असंच हातातून सुटलं होतं, नोंदणी व्हीएच-एईटी. इंजिन जमिनीवर बंद पडलं, वैमानिक उतरला, त्याने स्वतः प्रॉपेलर फिरवला आणि रिकामं विमान निघालं ते उडूनच गेलं. जवळजवळ तीन तास ते सिडनीच्या आकाशात घिरट्या घालत होतं, खाली लाखो माणसं. हवाई दलाच्या विरावे विमानातून ब्रेन गनने, म्हणजे हलक्या मशीनगनने, गोळ्या झाडल्या, नेम धरणाऱ्याची बोटं थंडीने बधिर झाली. मीटिऑर जेट आली, त्यांच्याकडूनही काम झालं नाही. शेवटी नौदलाच्या सी फ्युरी विमानांनी ते समुद्रावर गेल्यावर पाडलं. इथे ही गोष्ट लोक मजेची म्हणून सांगतात, मीही पाहुण्यांना सांगितली आहे. आता नाही सांगवत.

मला विचारायचंय ते एवढंच: तुमच्यापैकी कुणी हँगरमध्ये काम केलं असेल तर सांगा, अशा वेळी लहान माणसाने मोठ्याला थांबवायचं कसं?

नभांगण_७

वाचून अंगावर काटा आला. तुम्ही दोघं सुखरूप आहात हे सगळ्यात महत्त्वाचं. तुम्हाला लागलं का कुठे?

एक शंका. आत कुणी नसताना विमान उडतं कसं? गाडी सुटली तर ती कुठेतरी धडकते हे समजतं, पण हवेत जाऊन तीन तास राहायचं म्हणजे?

गवतपट्टी

गुडघा सोलवटलाय, खांदा दुखतोय. त्यांच्या तळहाताला टाके पडले, बाकी ठीक.

ही जुनी हलकी विमानं मुळातच स्थिर असतात. पंख टोकाकडे किंचित वर उचललेले असतात, त्यामुळे एका बाजूला कललं तरी आपोआप सावरतं. शेपटाचा ट्रिम, म्हणजे नाक वर-खाली किती राहावं ते ठरवणारी जुळणी, आधीच्या उड्डाणातला तसाच राहिलेला. वेग वाढला की शेपूट उचलतं, आणि रिकामं विमान हलकं म्हणून पटकन हवेत जातं. सोडलेलं मॉडेल विमान कसं आपापलं गोल गोल फिरतं, तसंच. अमेरिकेत ओहायो राज्यात अर्बाना इथे १९९७ मध्ये एअरोंका चॅम्प नावाचं छोटं विमान असंच गेलं होतं, सुमारे दोन तास उडालं आणि शेवटी शेतात पडलं. तिथेही कुणी दगावलं नाही.

हँगरकाका

गवतपट्टी, तुमचं लेखन दोनदा वाचलं. उत्तर लांब होईल, सांभाळून घ्या.

मी निवृत्त मेकॅनिक. महाराष्ट्रातल्या एका फ्लाइंग क्लबात हेल्पर म्हणून लागलो तेव्हा मिसरूड फुटत होतं. आमच्याकडे पुष्पक होती. नव्या पिढीला नाव माहीत नसेल: बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टचं हे दोन आसनी विमान १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालं, दीडशेच्या वर बनली, आणि देशभरच्या क्लबांत एक अख्खी पिढी त्यावर शिकली. त्या कारखान्याचे तेव्हाचे मुख्य अभिकल्पक डॉ. विष्णू माधव घाटगे, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले, जर्मनीत ग्यॉटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकलेले. तुम्ही एअरोंकाचं नाव घेतलंत म्हणून सांगतो, पुष्पकची ठेवण एअरोंका चीफसारखीच. कापडाचं अंग, शेपटाला चाक, ९० अश्वशक्तीचं कॉन्टिनेन्टल इंजिन, आणि स्टार्टर नाही. रोज सकाळी पंखा हातानेच. आम्ही प्रॉपेलरला पंखाच म्हणायचो.

पुष्पकचा स्विच आत, वैमानिकाच्या हाताशी. पंख्यापुढच्या माणसाला तो दिसत नाही. सगळा कारभार आवाजावर. मी ओरडणार, "स्विच ऑफ, पेट्रोल ऑन, थ्रॉटल क्लोज." आतला माणूस प्रत्येक शब्द परत म्हणणार. नुसतं "हो" म्हटलं तर मी हात लावायचा नाही. मग पंखा चार वेळा ओढायचा, आणि तयारी झाली की "कॉन्टॅक्ट". स्विचसाठी "ऑन" म्हणायचं नाही, कारण वाऱ्यात ऑन आणि ऑफ सारखंच ऐकू येतं. आणि स्विच ऑफ आहे असं कळलं तरी पंखा जिवंतच समजायचा. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, तो फिरला की स्वतःच ठिणगी देतो. स्विच बंद करणं म्हणजे त्या ठिणगीला जमिनीची वाट देणं. ती वाट देणारी बारीकशी तार तुटलेली असेल तर स्विच बंद असूनही इंजिन लागतं. आमच्याकडे एकदा पंखा नुसता पुसताना लागलं होतं. पुसणाऱ्याची दोन बोटं गेली. तो माझा मित्र होता.

आता तुमचा प्रश्न. आमच्या हेड मेकॅनिकांचा एक नियम होता. चॉक आणि शेपूट ज्या पोराकडे, त्याने हात वर केल्याशिवाय पंख्याला कुणी शिवायचं नाही. ते स्वतःसुद्धा. मी नवा होतो, सतरा-अठरा वर्षांचा, आणि चीफ इन्स्ट्रक्टर घाईत होते. मी हात वर केला नाही, कारण शेपटाचा दोर सैल होता. मला शब्द फुटेना, नुसता हात खाली ठेवून उभा राहिलो. हेड मेकॅनिक पंख्यापासून दूर झाले, माझ्याकडे आले, दोर स्वतः आवळला आणि म्हणाले, "शाब्बास." इन्स्ट्रक्टर साहेबांसमोर म्हणाले.

तेव्हा लहान माणसाने मोठ्याला कसं थांबवायचं असं विचारू नका. हात वर करायचा की नाही, हे काम त्या लहान माणसालाच देऊन टाका. मग त्याला धीटपणा लागत नाही. तो नुसतं आपलं काम करतो.

मनातलं_बोलतो

सगळ्यांबद्दल आदर राखून लिहितो. ऐंशी वर्षांची विमानं, ब्रेक नाहीत, स्टार्टर नाही, मग ती उडवायचीच कशाला? संग्रहालयात ठेवा, लोक बघतील. किंवा एक इलेक्ट्रिक स्टार्टर बसवा, विषय संपला. जीव मोठा की हौस?

लाकूडकाम

मनातलं_बोलतो, तुमची काळजी रास्त आहे. पण उभं ठेवलेलं विमान टिकतं हा गैरसमज आहे. मी लाकडाच्या कामातला माणूस, इंग्लंडमध्ये राहतो, इथल्या एका जुन्या विमानांच्या गटासाठी फासळ्या बनवून देतो. न उडणाऱ्या विमानाचं आत काय चाललंय ते कुणी उघडून पाहत नाही. उडणाऱ्या विमानाची दरवर्षी तपासणी होते, सांध्यांतला गोंद सुटला असेल तर सापडतो, आणि ते काम येणारे हात शिल्लक राहतात. गवतपट्टींनी ज्या मेणाच्या दोऱ्याच्या गाठी लिहिल्यात, ती गाठ मारायला मला एका म्हाताऱ्या बाईंनी शिकवली. विमान उडत नसतं तर त्या मला भेटल्याच नसत्या.

स्टार्टरचं म्हणाल तर काही जणांनी बसवलेत. पण मग बॅटरी आली, वायरिंग आलं, वजन आलं. आणि मुळात घोटाळा थ्रॉटल उघडा राहण्याचा होता. ब्रेक नसलेलं, एकाच चाकाला अडवलेलं विमान स्टार्टरने सुरू झालं असतं तरी तसंच वळलं असतं. आत माणूस असता तर त्याने थ्रॉटल ओढला असता. अमेरिकेच्या एफएए या हवाई वाहतूक नियामक संस्थेच्या पुस्तिकेत हाताने इंजिन सुरू करायला किमान दोन शिकलेली माणसं हवीत, एक आत, एक पुढे, असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

आणखी एक. इंजिन बंद असतानाही ही विमानं लोकांच्या हातूनच जास्त मोडतात. वाटेल तिथे धरून ढकलतात. कापडावर तळहात टेकवला की आतली फासळी तडकते, वरून दिसतसुद्धा नाही. पंखाच्या मागच्या कडेला धरून तर कधीच ओढू नये. जिथे दांडी पंखाला मिळते त्या सांध्याजवळच जोर द्यायचा. हँगरमधून काढताना दोन्ही टोकांना एकेक माणूस, आणि शेपटाजवळच्याला मागचं काही दिसत नाही असं धरूनच चालायचं. वारा असेल तर टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवत नेतानासुद्धा, पंखाच्या टोकाशी माणूस चालतो. एवढं हलकं विमान वारा पंखाखाली शिरला की उलथायला वेळ लागत नाही.

आकाशी_ओढणी

मी सध्या फ्लाइंग शिकतेय, सेसनावर, त्यामुळे किल्ली फिरवली की इंजिन लागतं. पण हा धागा वाचून एक जुनी गोष्ट आठवली आणि आता भीती वाटतेय.

दोन वर्षांपूर्वी एका हवाई मेळाव्यात एका जुन्या विमानाच्या मालकांनी मला हौसेने आत बसवलं आणि म्हणाले, "फक्त ब्रेकवर पाय दाबून ठेव, मी पुढून सुरू करतो." मला तेव्हा थ्रॉटल कुठला तेही माहीत नव्हतं. इंजिन नीट लागलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी फोटोही टाकला होता. जर ते जोरात लागलं असतं तर मी काय केलं असतं?

काका, पुढे कधी मला पंखा फिरवायला शिकायचं असेल तर कशापासून सुरुवात करू?

हँगरकाका

बाळ, तुझं नाव वाचूनच सांगतो: ओढणी नको. खरंच. ओढणी, मफलर, गळ्यातली ओळखपत्राची नाडी, अंगठी, घड्याळ, सगळं काढून ठेवायचं. मोकळे केस बांधायचे.

तुला आत बसवलं ते चुकलं, पण चूक तुझी नाही. आत बसणाऱ्याला थ्रॉटल, स्विच आणि ब्रेक डोळे मिटून सापडले पाहिजेत. नाही तर तो माणूस नसल्यासारखाच. उलट पुढच्याला वाटतं, आत कुणीतरी आहे.

सुरुवात पायांपासून कर. गवत ओलं आहे का, खडी आहे का, मागे सरकायला जागा आहे का, ते बघ. एक पाय पुढे टाकून वजन त्यावर ठेवलं की हात ओढताना अंग पंख्याकडे जातं. तसं नाही करायचं. ओढता ओढता अंग मागे आलं पाहिजे, म्हणजे इंजिन लागतं तेव्हा तू आधीच निघालेली असतेस. बोटांची मूठ वळायची नाही, पात्याला कडेवरून कवटाळायचं नाही, नुसत्या सपाट बोटांनी ओढायचं. उलटा झटका बसला तर पातं हातातून सुटून जाऊ दे.

आणि एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. पुष्पकचा पंखा समोर उभं राहून पाहिलं तर तुझ्या डाव्या हाताकडून खाली येतो. जिप्सी मेजरचा उजव्या हाताकडून. एका विमानावर हात बसलेला माणूस दुसऱ्या विमानापुढे उभा राहिला की त्याचं अंग जुन्या सवयीने भलत्या बाजूला जातं. मी पंचवीस वर्षं पुष्पकवर होतो, टायगर मॉथपुढे मला कुणी उभं केलं तर मी आधी अर्धा दिवस स्विच बंद ठेवून, तारा तपासून, नुसता सराव करेन.

गवतपट्टी, चॉकचं राहिलं. आमच्याकडे दोन्ही चॉक एकाच दोराने बांधलेले असत. मध्ये चाकांच्या अंतराएवढा दोर, आणि एक लांब शेपूट पंखाच्या टोकापर्यंत. चॉक काढायला पंख्याजवळ जावंच लागत नाही, टोकाशी उभं राहून दोर ओढला की दोन्ही निघून येतात. आणि एक चॉक उचलला की दुसरा मागोमाग येतो, त्यामुळे तो दुसरीकडे कुठे वापरताच येत नाही. घाटातल्या ट्रकचा क्लीनर मिळेल तो दगड चाकाला लावतो तसं विमानाचं करू नये.

गवतपट्टी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मैदानावर जाऊन आलो, जे कळलं ते लिहितो.

लाकडी प्रॉपेलर फुटला हे एका अर्थी बरं झालं, धातूचा असता तर सगळा धक्का क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला, गेला असता. तरीही इंजिन अचानक थांबलंय म्हणून ते उघडावं लागणारच. शाफ्ट वाकलाय का ते बघायला त्याच्या तोंडाला डायल गेज हे मोजमापाचं यंत्र लावून मोजमाप झालं, इंजिनिअर फार बोलले नाहीत, पण चेहरा पडलेला नव्हता. खालच्या उजव्या पंखाच्या चार फासळ्या गेल्या. पंखाच्या आतल्या मुख्य लाकडी दांड्याला चीर दिसत नाही, मात्र गोंदाचे सांधे बघायला कापड संपूर्ण उतरवावं लागेल. उन्हाळा तर गेलाच.

आमचे ज्येष्ठ हाताला पट्टी बांधून आले होते. काकांचा प्रतिसाद मी त्यांना इंग्रजीत वाचून दाखवला, हात वर करणाऱ्या पोराचा भाग दोनदा. मग मी सांगितलं, उजवं चाक मोकळं आहे हे मला त्या दिवशी दिसलं होतं, पण तुमच्यासमोर बोलायला जीभ रेटली नाही.

ते बराच वेळ त्या फाटलेल्या कापडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मलाही दिसलं होतं. तू काही बोलला नाहीस म्हणून वाटलं, चालून जाईल."

हे ऐकल्यावर मला काय वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही.

जेवण झाल्यावर आम्ही ट्रेलरखालचा चॉक काढला, ट्रेलरला दोन विटा लावल्या. दोन्ही चॉकना भोक पाडलं. दोर माझ्याकडे होता, गणपतीच्या मांडवाला वापरला होता तो जाड पांढरा. चाकांमधलं अंतर मोजायला ते एका बाजूला गुडघ्यावर बसले, मी दुसऱ्या बाजूला. गाठ मारायला त्यांना एका हाताने जमेना, तेव्हा ती मी मारली आणि त्यांनी ओढून पाहिली.

लाकूडकाम, फासळ्यांच्या गाठींसाठी तुम्हाला वेगळा संदेश पाठवतोय.